पँथर ठाऊक, पोर्टर ठाऊक नाही

यंदाच्या जयंतीला पिंपरीच्या चौकात आम्ही पुस्तकांचा स्टॉल लावला होता. रात्री साडेनऊच्या सुमाराला एक पोरगा पाणी प्यायला थांबला. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर आवळलेली मूठ आणि खाली पँथर. मराठवाड्यातून आलेला, चाकणला एका कंपनीत ठेकेदारामार्फत कामाला. मी विचारलं, काम कसं चाललंय? तो म्हणाला, "ताई, बाकी काही असो, कंपनीत जात नसते. लाइन सगळ्यांना सारखीच पळवते."

मी विचारलं, "तुमच्या शॉपमध्ये हाउसकीपिंगला कोण आहे?" त्याने चार-पाच नावं घेतली. आडनावं सांगता सांगता तो स्वतःच थांबला. "स्क्रॅप यार्डात?" "आपलीच पोरं." "आणि लाइन लीडर, सुपरवायझर?" तो हसला, बाटली खाली ठेवली आणि डीजेच्या दिशेने निघून गेला.

त्या पोरावर माझा राग नाही. त्याच्या टी-शर्टबद्दल मात्र मला बोलायचं आहे.

अमेरिकेतला ब्लॅक पँथर पक्ष १९६६ चा. त्यापासून प्रेरणा घेऊन मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. हा इतिहास आपल्याला पाठ आहे आणि तो असलाच पाहिजे. पण पँथर हे त्या गोष्टीतलं बरंच पुढचं पान आहे. त्याआधीची पानं आपण उलटलीच नाहीत. दोन महायुद्धांच्या मधल्या अमेरिकेत दोन गोष्टी वाढल्या, ज्या आज आपलं सगळं आयुष्य चालवतात. एक असेंब्ली लाइन. दुसरी रेकॉर्ड, रेडिओ आणि बोलपटाची करमणूक. या दोघींनीही कृष्णवर्णीयांना आत घेतलं. दोघींनीही त्यांना खालच्या जागेवर उभं केलं. चाकणची लाइन आणि जयंतीचा डीजे समजून घ्यायचा असेल तर ती पानं वाचावी लागतील.

दार उघडलं, पण भट्टीचं

हेन्री फोर्डने १९१३ साली डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलंड पार्कच्या कारखान्यात धावती लाइन सुरू केली. माणूस जागेवर, गाडी फिरती. काम असं जीव खाणारं की माणसं टिकेनात. त्या वर्षी काम सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्के होतं. म्हणजे १०० जागा भरलेल्या राहाव्यात म्हणून वर्षभरात ३७० माणसं नव्याने घ्यावी लागत. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने ५ डॉलर रोज आणि ८ तासांची पाळी जाहीर केली. जगभर त्याचं कौतुक झालं, अजून होतं. व्यवस्थापनाच्या कॉलेजात आजही हे दानशूरपणाचं उदाहरण म्हणून शिकवतात.

पण ते ५ डॉलर सरसकट नव्हते. त्यातला निम्म्याच्या आसपासचा भाग नफ्यातला वाटा म्हणून मिळे, आणि तो कोणाला द्यायचा हे कंपनीचा 'समाजशास्त्र विभाग' ठरवत असे. विभागाची माणसं कामगाराच्या घरी जात. दारू पितो का, घर स्वच्छ आहे का, बचत करतो का, बायको-मुलांशी कसा वागतो, सगळं लिहून आणत. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं. आपल्या विषयाचा पहिला मोठा कारखानदारी उपयोग कामगाराच्या स्वयंपाकघरात डोकावायला झाला, हे वाचून मला लाज वाटली होती.

पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले. त्याच काळात दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून, कर्जातून आणि झाडाला लटकवून मारणाऱ्या जमावांपासून निघून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांत येऊ लागले. डेट्रॉइटच्या इतर मोटार कंपन्या त्यांना फारसं उभं करत नव्हत्या. फोर्डने मात्र हजारोंनी घेतले. ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवायचं कारण नाही. काळ्या वस्तीत फोर्डचा बिल्ला म्हणजे इभ्रत होती. पण त्याच्या प्रचंड रूज कारखान्यात यातली बहुसंख्य माणसं कुठे होती? फाउंड्रीत. वितळलेल्या लोखंडापाशी, जिथे गोरा कामगार जायला तयार नव्हता तिथे.

आणि तिथे शिरायलाही चिठ्ठी लागत असे. काळ्या चर्चच्या पाद्र्याची चिठ्ठी. पोरगा चांगला आहे, गडबड करणार नाही, युनियनच्या नादाला लागणार नाही, अशी हमी. पाद्र्याचं वजन वाढलं, कंपनीला गप्प मजूर मिळाला.

भावांनो, ही चिठ्ठी ओळखीची वाटते का? आपल्याकडे पाद्री नाही, माजी नगरसेवक आहे. ठेकेदाराचा भागीदार आहे. 'आपल्या समाजाचा' कार्यकर्ता आहे. त्याच्या शब्दावर पोरगा कामाला लागतो, आणि त्याच शब्दाने त्याचं तोंड बंद होतं. ओव्हरटाइमचे पैसे कापले, सात महिन्यांनी ब्रेक दिला, बोट गेलं, तरी तक्रार कोणाकडे करणार? ज्याने चिठ्ठी दिली त्याच्याकडेच. मी हे वरच्या सुरात बोलत नाही. अशा चिठ्ठ्या मीही आणून दिल्या आहेत. घरात आजारी आई आणि बारावी झालेला मुलगा समोर बसलेला असतो तेव्हा तत्त्वज्ञान सुचत नाही. पण दहा वर्षांनी मागे वळून पाहते तेव्हा दिसतं की मी लावून दिलेला एकही मुलगा परमनंट झाला नाही.

गाणं आमचं, हॉल त्यांचा

आता दुसरी बाजू. १९२० साली मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही रेकॉर्ड निघाली आणि तुफान खपली. कंपन्यांना शोध लागला की काळे लोक रेकॉर्ड विकत घेतात! लगेच त्यांच्यासाठी वेगळ्या याद्या निघाल्या, 'रेस रेकॉर्ड' या नावाने. गाव वेगळं, पाणवठा वेगळा, तशी रेकॉर्डही वेगळी. बेसी स्मिथ ही त्या काळातली ब्लूजची सम्राज्ञी. १९२३ पासून कोलंबिया कंपनीने तिच्या रेकॉर्डवर बक्कळ कमावलं. तिला मिळायची ती गाण्यामागे ठरलेली एकरकमी बिदागी. रॉयल्टी नाही.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, म्हणजे ऐन काळ्या वस्तीत, कॉटन क्लब होता. नावातच कापूस. सजावट दक्षिणेतल्या मळ्यासारखी, जिथे यांचे आजे-पणजे गुलाम होते. स्टेजवर नाचणारे-गाणारे काळे. १९२७ च्या डिसेंबरपासून ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद तिथे वाजवू लागला आणि रेडिओमुळे देशभर पोचला. पण खुर्च्यांवर बसायची मुभा फक्त गोऱ्यांना. ज्या रस्त्यावर क्लब होता, त्या रस्त्यावरचा माणूस तिकीट काढून आत जाऊ शकत नव्हता.

१९२८ साली 'अमोस अँड अँडी' हा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. दोन गोरे नट काळ्या माणसांचे आवाज काढून त्यांना मूर्ख ठरवायचे आणि देश पोट धरून हसायचा. १९३९ साली 'गॉन विथ द विंड' आला. त्यात मोलकरणीची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियलला अटलांटातल्या पहिल्या खेळाला जाता आलं नाही, कारण तिथे वर्णभेदाचा कायदा होता. पुढच्या फेब्रुवारीत तिला ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय. त्या रात्रीही तिला सिनेमातल्या बाकी मंडळींपासून दूर, भिंतीकडच्या वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या.

आणि आपला दानशूर फोर्ड काय करत होता? त्याच्या मालकीचं 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' हे पत्र १९२० पासून ज्यूंविरुद्ध विष ओकत होतं. जॅझ म्हणजे ज्यूंनी पसरवलेली घाण, असंही त्यात छापून आलं. जॅझला उतारा म्हणून फोर्डने जुन्या गोऱ्या लोकनृत्यांवर आणि व्हायोलिन वादकांवर पैसा ओतला. भट्टीत काळा चालतो, दिवाणखान्यातल्या गाण्यात चालत नाही!

आपल्याकडे तमाशा कोणी जगवला आणि त्यावर सिनेमे काढून बंगले कोणी बांधले, हे तुम्हाला सांगायला नको. पण आजचं बोला. निगडीच्या एका वस्तीतल्या गायकाला मी ओळखते. त्याचं भीमगीत मागच्या जयंतीला प्रत्येक मंडळाने वाजवलं. त्याने ते एका म्युझिक चॅनलला एकरकमी पैशांत दिलं, सही कशावर केली ते त्याला सांगता येत नाही. जयंतीच्या महिन्यात तो गातो, उरलेले अकरा महिने टेम्पोवर हेल्पर असतो. बेसी स्मिथला जाऊन शंभरेक वर्षं होत आली, तिचा करार मात्र निगडीत जिवंत आहे.

स्वतःची कंपनी काढून पाहिली का त्यांनी? पाहिली. हॅरी पेस या कृष्णवर्णीय उद्योजकाने १९२१ साली 'ब्लॅक स्वान' ही रेकॉर्ड कंपनी काढली. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस तिच्या संचालक मंडळावर होते. तीन वर्षांत ती 'पॅरामाउंट'च्या घशात गेली, आणि ही पॅरामाउंट होती विस्कॉन्सिनच्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची पोटकंपनी. लोकप्रियता भरपूर होती. भांडवल आणि संघटना नव्हती.

मग बदललं कशाने?

आता त्या पोर्टरकडे येते.

पुलमन नावाची कंपनी अमेरिकेतल्या रेल्वेला शयनयान डबे पुरवायची. त्या डब्यांत बिछाने घालणं, सामान उचलणं, रात्रभर जागून प्रवाशांचे बूट पॉलिश करणं, ही कामं पोर्टर करत. पोर्टर बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. गुलामगिरी संपल्यावर मालकाने मुद्दाम हीच माणसं निवडली होती, सेवा यांच्या अंगात मुरलेली आहे म्हणून. प्रवासी त्यांना नावाने हाक मारत नसत. सगळ्यांना एकच नाव, 'जॉर्ज'. मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून त्याचा प्रत्येक नोकर जॉर्ज.

इथे थांबा आणि मनमाड आठवा. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे बाबासाहेबांनी तिथेच सांगितलं. हे वाक्य आपण पोस्टरवर छापतो. पण त्याच भाषणात त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट सांगितली, जी कोणी छापत नाही. अस्पृश्याला रेल्वेत पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामंही करावी लागतात, आणि अस्पृश्य घरात कसा चालेल? तिकडे गोऱ्याला काळा माणूस बिछान्यापाशी चालत होता, नोकर म्हणून. इकडे नोकर म्हणूनही उंबरठ्याच्या आत नको. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांतला फरक ज्याला पुस्तकात कळत नाही, त्याने हे दोन पोर्टर शेजारी उभे करून पाहावेत.

मुंबईच्या गिरण्यांत तेच. कापडखात्यात, म्हणजे विणकामात पगार जास्त. तिथे अस्पृश्याला बंदी, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याला उष्टं लागे. यंत्र लँकेशायरचं, भांडवल शेठजींचं, नियम मनूचा. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हा प्रश्न तोंडावर विचारला. तेव्हा 'कंपनीत जात नसते' म्हणणाऱ्यांनी आधी गिरणीच्या इतिहासाला उत्तर द्यावं.

त्या अमेरिकन पोर्टरांनी काय केलं? २५ ऑगस्ट १९२५ ला हार्लेममध्ये त्यांनी आपली संघटना काढली. अध्यक्ष केलं ए. फिलिप रँडॉल्फला. तो पोर्टर नव्हता, एका मासिकाचा संपादक होता. कंपनी त्याला कामावरून काढू शकत नव्हती, हाच त्याचा मोठा गुण! कंपनीने खबरे पेरले, माणसं काढली. अनेक काळे पाद्री आणि काळ्यांचीच काही वर्तमानपत्रं कंपनीच्या बाजूने उभी राहिली. मध्ये महामंदी आली, सभासद गळाले. तरी संघटना मोडली नाही. १९३४ च्या रेल्वे कायद्याच्या दुरुस्तीने त्यांना आधार मिळाला आणि बरोबर १२ वर्षांनी, २५ ऑगस्ट १९३७ ला, पुलमनने करारावर सही केली. महिन्याचे ४०० तास २४० वर आले, पगार वाढला. कृष्णवर्णीयांच्या युनियनने एका बड्या अमेरिकन कंपनीशी केलेला हा पहिला मोठा करार.

आणखी एक. 'शिकागो डिफेंडर' हे काळ्यांचं वर्तमानपत्र दक्षिणेत उघडपणे वाटणं धोक्याचं होतं. ते गाडीतून गावोगाव पोचवलं याच पोर्टरांनी. उत्तरेत काम आहे, निघून या, ही बातमी बूट पॉलिश करणाऱ्याच्या पिशवीतून गेली. विचार पोचवायला स्टेज आणि साउंड लागतोच असं नाही.

'म्हणजे जातीची युनियन काढायची का?'

हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत येतो. विचारणारे दोन प्रकारचे. एक डावे मित्र, ज्यांना जात काढली की कामगार फुटतो असं वाटतं. कामगार आधीच फुटलेला आहे. बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिलं होतं की जात कामाच्या वाटणीवर थांबत नाही, ती राबणाऱ्यांनाच वरखाली लावते. ज्या युनियनचा सभासद फक्त परमनंट आहे, आणि हाउसकीपिंगवाल्या बाईचं नाव जिच्या मागणीपत्रात नाही, ती युनियन कोणाला एकत्र आणते? १९३५ साली अमेरिकेत युनियनचा हक्क देणारा वॅग्नर कायदा आला आणि शेतमजूर व घरकामगार त्यातून वगळले गेले. दक्षिणेतली काळी माणसं बहुतेक याच दोन कामांत होती. कायद्यात 'काळा' हा शब्दही लिहावा लागला नाही! आपल्याकडे 'कंत्राटी', 'ट्रेनी', 'हेल्पर' एवढे शब्द पुरतात.

दुसरे आपलेच. ते म्हणतात, युनियनवाल्यांनी आपल्याला कधी विचारलं? मालकाशी जमवून घेतलेलं बरं. हेच डेट्रॉइटच्या काळ्या कामगाराला वाटत होतं आणि त्याची चूक नव्हती. गोऱ्यांच्या युनियनांनी त्याला दार बंद केलं होतं, काम दिलं ते फोर्डने. म्हणून एप्रिल १९४१ च्या फोर्डमधल्या संपात बरेच काळे कामगार आत कारखान्यातच राहिले. तेव्हा त्यांच्याच हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीचा वॉल्टर व्हाइट गेटवर येऊन त्यांना बाहेर या म्हणून सांगत होता. फोर्ड नमला, जूनमध्ये करार झाला. पण युनियनलाही कळून चुकलं की फाउंड्रीला वगळून रूज जिंकता येत नाही.

बाबासाहेबांचा रस्ता याहून वेगळा नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला त्यांनी आपल्या कामगारांना वेगळं बसवून त्यांचं दुखणं मांडलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला. आधी स्वतःची बैठक, मग सगळ्यांबरोबर मोर्चा. रँडॉल्फनेही संघटना आपली ठेवली आणि १९३५ साली गोऱ्यांचं वर्चस्व असलेल्या कामगार महासंघात शिरून आतून भांडण चालू ठेवलं. बैठक सोडून नुसता मोर्चा केला तर आपण गर्दी होतो. मोर्चा सोडून नुसती बैठक केली तर आपली भजनी मंडळी होते.

करायचं काय?

माझ्याकडे मोठा कार्यक्रम नाही. चार साध्या गोष्टी आहेत.

एक, प्रत्येक विहारात एक रजिस्टर ठेवा. वस्तीतला कोण कुठल्या कंपनीत, कुठल्या शॉपला, कोणाच्या ठेक्यावर, पगार किती, पीएफ आणि ईएसआयचा नंबर आहे का. फोर्डचा समाजशास्त्र विभाग मालकासाठी घरात शिरला. आपण आपल्यासाठी तेच काम उलटं करू.

दोन, चिठ्ठी देणाऱ्या नेत्याला पुढच्या वेळी एकच विचारा: ओव्हरटाइमचे पैसे बुडाले तर ठेकेदाराच्या दारात येणार का? नाही म्हणाला तर जयंतीच्या फ्लेक्सवरून त्याचा फोटो काढा.

तीन, गाणाऱ्या पोरांनी सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवावा. आपल्यात वकील कमी नाहीत. गाण्याचा हक्क स्वतःच्या नावावर ठेवा.

चार, जयंतीच्या वर्गणीतून एका रात्रीच्या डीजेचे पैसे बाजूला काढा आणि कामावर जखमी झालेल्या, काढून टाकलेल्या कंत्राटी कामगारांच्या खटल्यांसाठी निधी करा. मी नाचाच्या विरोधात नाही. ज्याला गावात वरात काढू दिली नाही त्याने पिंपरीच्या रस्त्यावर मनसोक्त नाचावं. पण नाचून सकाळी सहाच्या बसला जो उभा राहतो, त्याच्या बाजूने त्या दिवशी कोण उभं आहे, हेही ठरवा.

२५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तेव्हा पिंपरीत औषधांचा सरकारी कारखाना नुकताच सुरू होत होता आणि चाकण हे बाजाराचं गाव होतं. कारखाने नंतर आले. या पट्ट्यात आपण मोटारींच्या आधीपासून आहोत, हे कोणी 'बाहेरचे' म्हटलं तर सांगा. येत्या २५ डिसेंबरला देहूरोडला जाल तेव्हा वंदना झाल्यावर दहा जणांनी बाजूला बसा आणि रजिस्टरचं पहिलं पान लिहा. पँथरचा टी-शर्ट जरूर घाला. खिशात पगाराची स्लिप मात्र आठवणीने आणा.

जय भीम! नमो बुद्धाय!